आकडा कोणी बोलायचा?

गुढीपाडवा जवळ आला की परभणी जिल्ह्यातल्या गावागावांत सालाची बोलणी सुरू होतात. सालगड्याचं जुनं साल पाडव्याला संपतं आणि नवं पाडव्यालाच लागतं. मालक आणि गडी समोरासमोर बसतात, सोबत कुणी तरी तिऱ्हाईत असतो, आणि बहुतेक वेळा आकडा आधी गडीच बोलतो. नुसता आकडा बोलून तो थांबत नाही. रोख किती, त्यातली उचल किती आणि कधी, ज्वारी किती पोती, कपड्यांचे जोड किती, आखाड्यावर राहायचं की गावातून ये-जा करायची, रात्रीची लाइट आली की पाणी कोण देणार, बायको कामाला आली तर तिची रोजी वेगळी की सालातच, खाडे किती माफ, हे सगळं एकेक करून बोललं जातं. अलीकडच्या वर्षांत सालाचा आकडा लाखाच्या पुढे गेला आहे आणि तरीही गडी मिळत नाही अशी तक्रार शेतकरी करतात. शाळेची पायरी न चढलेला माणूसही या बैठकीत आपल्या कष्टाची यादी वाचून दाखवतो आणि तिच्या शेवटी किंमत सांगतो.

या व्यवहाराचे गोडवे गाण्याचं कारण नाही. ज्याने लेकीच्या लग्नासाठी मोठी उचल घेतली त्याला पुढच्या सालाला हवा तो आकडा बोलता येत नाही. उचलीपायी वर्षानुवर्षं एकाच दारात अडकलेली माणसं मराठवाड्याने पाहिली आहेत, आणि वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ मध्ये करावा लागला तो अशाच अवस्थांमुळे. पण मालकापुढे उभं राहून स्वतःच्या कामाचं मोल स्वतःच्या तोंडाने सांगण्याची सवय या बैठकीत होती. त्याच घरातली शिकलेली पोरं मात्र मुलाखतीच्या खोलीत त्या एका प्रश्नाला गप्प होतात.

सेलू तालुक्यातल्या एका गावचा असाच एक मुलगा. वडिलांनी आयुष्याची ऐन वर्षं सालगडी म्हणून काढली. मुलगा परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी. एस्सी. ॲग्री झाला. हे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झालं, २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं आणि मराठवाड्यातल्या किती तरी कोरडवाहू घरांतला पहिला पदवीधर याच आवारात घडला. मुलाची पहिली मुलाखत जालन्याच्या एका बियाणे कंपनीत होती. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको उभी केली, तेव्हापासून जालना हे बियाण्यांचं गाव झालं. आज तिथे लहानमोठ्या कंपन्या पुष्कळ आहेत आणि परभणीच्या कृषी पदवीधराची पहिली धाव साहजिकच तिकडे असते. सेलूहून तपोवन एक्सप्रेस पकडायची, परतूर मागे टाकायचं, जालन्याला उतरायचं.

मुलाखत उत्तम चालली. गुलाबी बोंडअळीवर त्याने सविस्तर सांगितलं. सोयाबीनच्या बियाण्याला किमान ७० टक्के उगवणशक्ती का लागते, घरचं बियाणं पेरताना शेतकऱ्याने ओल्या गोणपाटावर ती कशी तपासावी, हेही सांगितलं. समोरचे साहेब खूश दिसत होते. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, ‘‘अपेक्षा किती?’’

‘‘सर, तुम्ही द्याल ते,’’ तो म्हणाला. वर पुस्ती जोडली, ‘‘शिकायला मिळालं म्हणजे झालं.’’

साहेबांनी आकडा सांगितला: वर्षाला ३ लाख ६० हजार. त्याने मनात बाराने भागलं, महिन्याला ३० हजार झाले, आणि आनंदाने गाडीत बसला.

रात्री वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. ओटीवर पाय लांब करून बसले आणि विचारू लागले. फिरायचं म्हणतोस, तर गाडी कुणाची? तेल कुणाचं? जिंतूरकडं राती मुक्काम पडला तर जेवणाचे पैसे कुणाचे? पेरणीच्या दिसांत रविवार मिळतो का? आजारी पडलास तर खाडा धरतेत का? माल खपला नाही तर पगारातून कापतेत का? मुलाकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. वडील रागावले नाहीत. ‘‘मग ठरलं काय, आप्पा?’’ असं उलट त्याच्याच लाडाच्या नावाने त्यांनी विचारलं, आणि या प्रश्नावर त्याला झोप लागली नाही.

नेमणुकीचं पत्र आल्यावर त्याने ते एका वरच्या वर्गातल्या मित्राबरोबर बसून वाचलं. त्या कागदावरचा हिशेब असा होता. महिन्याचे ३० हजार म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, ज्याला सगळे सीटीसी म्हणतात. त्यात मूळ पगार १५ हजार. कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी १,८०० रुपये, तोही त्याच तीस हजारांत धरलेला. ग्रॅच्युइटीचे ७२१ रुपये, जे कायम नोकरीत पाच वर्षं टिकला तरच हाती येणार. गटविम्याचा हप्ता ४७९ रुपये. आणि ४ हजार रुपये विक्रीचं टार्गेट पूर्ण झालं तर मिळणारे. एवढं वजा केल्यावर उरले २३ हजार. त्यातून त्याच्या वाट्याचा निर्वाह निधी आणखी १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की बँकेत जमा होणार २१ हजार.

यात कंपनीने काही लपवलं होतं असं नाही. निर्वाह निधी ही त्याचीच शिल्लक होती, विमाही त्याच्याच कामाचा. पण तीस आणि एकवीस यांच्यामधलं अंतर मुलाखतीच्या खोलीतच विचारायला हवं होतं. ‘हातात किती येतील आणि त्यात पक्के किती?’ एवढा एक प्रश्न पुरला असता.

खरी मेख निघाली ती पेट्रोलमध्ये. परभणीत पेट्रोल महाग मिळतं हे महाराष्ट्रभर माहीत आहे. इंधन दूर मनमाडच्या डेपोतून येतं, वाहतुकीचा खर्च दरावर चढतो, आणि राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलच्या बातम्यांत या शहराचं नाव वारंवार येतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथल्या पंपांवर पॉवर पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा देशभरच्या वाहिन्यांनी परभणी दाखवली होती. कंपनीचा प्रवासभत्ता किलोमीटरला अडीच रुपये, आणि तो सगळ्या जिल्ह्यांना एकच. खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर मोटारसायकल लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरलं तरी परभणीच्या दराने नुसत्या पेट्रोललाच किलोमीटरमागे सव्वादोन रुपयांहून अधिक लागतात. ऑइल, टायर, चेनस्प्रॉकेट, पंक्चर हे सगळं उरलेल्या पैशांत. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकात भरून गाडी जागेवर बसते तेव्हा क्लचप्लेटचा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा हा प्रश्न या जिल्ह्यातल्या प्रत्येक फील्ड ऑफिसरला पडतो.

त्याने धीर करून कंपनीत फोन लावला. भांडला नाही. परभणीचा त्या दिवसाचा दर, आपल्याकडच्या तालुक्यांची अंतरं आणि महिन्याला होणारे अंदाजे किलोमीटर एका कागदावर लिहून घेतले होते, ते वाचून दाखवले. मूळ पगार वाढला नाही. प्रवासभत्ता मात्र किलोमीटरला ५० पैशांनी वाढवून मिळाला आणि मुक्कामाच्या रात्रीचा भत्ता पत्रात लिहून आला. नोकरी हातची जाईल ही त्याची भीती खोटी ठरली. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला ५० पैसे म्हणजे हजार रुपये होतात.

मुळात हा मुलगा, आणि त्याच्यासारखे बाकीचे, त्या प्रश्नाला अडखळतात का? लाजरेपणा हे अर्धं उत्तर झालं. आपल्याकडे मुलाखतीची सगळी तयारी होते ती सरकारी नोकरीसाठी. परभणीत, गंगाखेडला, जिंतूरला अभ्यासिकांमध्ये पहाटेपासून बसणारी मुलं लोकसेवा आयोगाची, तलाठी भरतीची, पोलीस भरतीची तयारी करतात. तिथे सराव मुलाखती घेतल्या जातात, जिल्ह्याची माहिती, चालू घडामोडी, छंद, सगळं घोटून घेतलं जातं. पगाराबद्दल चकार शब्द नसतो, कारण तिथे त्याची गरजच नसते. सरकारी पगार वेतन आयोगानुसार ठरतो. राज्यात सातवा वेतन आयोग जानेवारी २०१९ मध्ये लागू झाला तो १ जानेवारी २०१६ पासूनच्या फरकासह, आणि त्याच्या तक्त्यात प्रत्येक पदाचा स्तर छापलेला आहे. घासाघीस करणारा तिथे मूर्ख ठरेल. पण जागा निघतात मूठभर, अर्ज येतात लाखांनी, आणि उरलेल्या सगळ्यांना शेवटी खासगी दारातच उभं राहावं लागतं. त्या दारातल्या प्रश्नाचा सराव कुठल्याच क्लासमध्ये झालेला नसतो.

मुलींच्या वाट्याला हा प्रश्न येतो तेव्हा त्याच्यासोबत आणखी दोन प्रश्न येतात. परभणीतल्या एका खासगी रुग्णालयात मुलाखतीला गेलेली एक जीएनएम झालेली मुलगी सांगते की तिला आधी लग्नाचं विचारलं, मग गाव किती लांब ते विचारलं आणि मग अपेक्षा. ती गप्प राहिली तेव्हा समोरून सांगण्यात आलं की बाकीच्या मुली याहून कमीत काम करतात, घर जवळच आहे, खर्च तो काय? शिवाय पहिल्या महिन्याचा पगार डिपॉझिट म्हणून राहील आणि मूळ प्रमाणपत्रं कार्यालयात जमा करावी लागतील. तिने पगार मान्य केला, रात्रपाळ्या मान्य केल्या, प्रमाणपत्रांना मात्र नकार दिला. झेरॉक्स देते, मूळ दाखवून परत नेते, असं ती ठामपणे म्हणाली आणि ते चाललं. काही महिन्यांनी दुसरीकडे जागा निघाली तेव्हा कागद हातात असल्यामुळेच ती जाऊ शकली. तिच्याबरोबरीच्या मुली अडकून राहिल्या. उचलीने बांधलेला गडी आणि डिपॉझिटने बांधलेली नर्स यांच्यात या लेखकाला फार अंतर दिसत नाही.

दुसऱ्या मुलाखतीत तिने आकडा सांगितला. त्याआधी तिथे काम करणाऱ्या दोघींना विचारून घेतलं होतं. रात्रपाळी महिन्यात किती आणि तिचे वेगळे पैसे किती हेही विचारलं. महाराष्ट्रात महिलांना महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर नाही, त्यामुळे माझे २०० रुपये कापू नका, हेसुद्धा सांगितलं. समोरच्या बाईंनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं, असं ती म्हणते.

हा प्रश्न एकट्या परभणीचा नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या प्राध्यापक लिंडा बॅबकॉक यांनी तिथून पदव्युत्तर शिक्षण घेऊन नोकरीला लागलेल्यांची माहिती गोळा केली. देऊ केलेल्या पगाराहून जास्त मागणाऱ्या पुरुषांचं प्रमाण ५७ टक्के होतं, स्त्रियांचं ७ टक्के. पुरुषांचा सुरुवातीचा पगार सरासरी ७.६ टक्क्यांनी जास्त निघाला. एवढ्या मोठ्या विद्यापीठातल्या मुलींची ही गत असेल, तर पूर्णा किंवा पालमच्या मुलीला कुणी दोष द्यावा?

सेलूचा तो मुलगा आज एरिया मॅनेजर आहे आणि आता अपेक्षा किती हा प्रश्न तोच विचारतो. टेबलाच्या त्या बाजूला गेल्यावर त्याला पहिली गोष्ट कळली ती ही, की आकडा तिथे आधीपासून असतोच. कुठल्याही पदाला किमान इतके आणि कमाल इतके असा पट्टा वरून मंजूर होऊन आलेला असतो. उमेदवार ‘तुम्ही द्याल ते’ म्हणाला की साहजिकच पट्ट्याचं खालचं टोक लिहिलं जातं. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. वाचलेले पैसे दाखवायचे असतात, एवढंच. पट्ट्याच्या आतला आकडा कारणांसह मागणाऱ्याला त्याने आजवर कधी बाहेरचा रस्ता दाखवलेला नाही. पट्ट्याबाहेरचं मागणाऱ्यालाही तो आधी सांगतो की एवढं जमणार नाही, इतक्यापर्यंत जमेल, विचार करून कळवा.

पहिला बोललेला आकडा पुढच्या सगळ्या बोलण्याला आपल्याकडे ओढतो, हे डॅनिएल काह्नमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रयोगांनी मांडलं. पाडव्याच्या बैठकीतल्या गड्याला ते आधीच ठाऊक होतं. पण आकडा आधी बोलायचा तर तो कुठून तरी आलेला हवा. एरिया मॅनेजर झालेला हा मुलगा नव्या पोरांना परभणीच्या मोंढ्यात पाठवतो. कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला कोणत्या कंपनीचा पोरगा किती पगारावर आहे, कोणाचा भत्ता थकतो, कोणाची गाडी कंपनीची आहे, हे सगळं माहीत असतं. चहा पीत दोन दुकानं फिरलं की बाजारभाव कळतो.

सुरुवातीचा फरक पुढे बुजत नाही, उलट रुंदावतो. एकाच वर्षी लागलेल्या दोघांपैकी एक २० हजारांवर आला आणि दुसरा २३ हजारांवर. दोघांना दरवर्षी सारखीच ८ टक्के वाढ मिळाली तरी पाच वाढींनंतर पहिला २९,४०० च्या आसपास असतो आणि दुसरा ३३,८०० च्या. तीन हजारांचा फरक ४,४०० वर गेला, काम मात्र तेच.

नोकरी बदलताना आणखी एक पेच येतो, ‘सध्या किती मिळतात?’ इथे खोटं बोलण्याचा मोह अनेकांना होतो. तो मोडून काढावा असं या एरिया मॅनेजरचं स्पष्ट मत आहे. तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागितल्या जातात, बँकेचं स्टेटमेंट मागितलं जातं, निर्वाह निधीच्या पासबुकात महिन्यामहिन्याची वर्गणी दिसते. खोटं उघडं पडलं की माणूसच बाद होतो. खरा आकडा सांगावा आणि लगेच म्हणावं, की आधीच्या कामात दोन तालुके होते, इथे पाच आहेत, म्हणून माझी मागणी इतकी आहे. परदेशात तर आता हा प्रश्न विचारण्यालाच आक्षेप घेतला जातो. कॅलिफोर्नियात २०१८ पासून उमेदवाराचा जुना पगार विचारायला बंदी आहे. कोलोरॅडोत २०२१ पासून नोकरीच्या जाहिरातीतच पगाराचा पट्टा द्यावा लागतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या निर्देशात जुना पगार विचारायला बंदी आहे, पगाराचा पट्टा उमेदवाराला आधीच कळवायची सक्ती आहे, आणि सदस्य देशांना त्यासाठी जून २०२६ पर्यंतची मुदत दिली.

आपल्याकडेही हातात काही आलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतनाबाहेर ठेवलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरायची आहे, म्हणजे मूळ पगार नावाला ठेवून बाकी सगळं भत्त्यांत दाखवण्याला आवर बसतो आणि निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी त्याच हिशेबाने मोजावी लागते. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणंही बंधनकारक झालं आहे. मागणाऱ्याला आता कायद्याचा आधार आहे. मागितलं मात्र पाहिजे.

ऊसतोड कामगारांनी ते करून दाखवलं आहे. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दरवर्षी कोयते घेऊन निघणारी माणसं एकेकटी मुकादमापुढे अगतिक असतात. पण संघटनांनी एकत्र बसून बोलणी केली तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये साखर संघाबरोबरच्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली.

आता दोन विनंत्या. एक कृषी विद्यापीठाला आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना एक दिवस नेमणूकपत्र वाचायला शिकवा. सीटीसीतून हातात येणारा पगार काढायला लावा आणि अपेक्षेच्या प्रश्नाचं उत्तर वर्गात मोठ्याने बोलून घ्या. दुसरी विनंती परभणी, मानवत, सेलू, जिंतूरच्या दुकानदारांना, रुग्णालयांना, शाळांना आणि एमआयडीसीतल्या कारखानदारांना. ‘पाहिजेत’ची जाहिरात देताना ‘आकर्षक पगार, समक्ष भेटा’ असं छापू नका. पगार किती ते तिथेच लिहा.